फोल्डस्कोप: वर्गाला ‘कशावरून?’ विचारायला लावणारा कागदी सूक्ष्मदर्शक

फोल्डस्कोप घ्यावा का, असं आमच्या केंद्रातल्या काही शिक्षकांनी विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. उत्तर आधीच सांगून टाकते. सहावी ते आठवीला विज्ञान शिकवत असाल आणि मुलं नुसती माना डोलावतात, स्वतःहून काही विचारत नाहीत याचा त्रास होत असेल, तर जरूर घ्या. मुलांना फक्त पेशी ‘दाखवायच्या’ असतील तर मात्र घेऊ नका. त्यासाठी मोबाइलवर याहून कितीतरी स्वच्छ चित्रं मिळतात.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. आमच्याकडे एक चांगला, जड, लोखंडी सूक्ष्मदर्शक आहे. तो कपाटात असतो आणि धड्याच्या दिवशी बाहेर येतो. मी काच लावते, मी फोकस करते, मुलं रांगेने येऊन डोळा लावतात, ‘दिसलं का?’ ‘हो बाई’, पुढचा. दिसलं नाही तरी ‘हो बाई’च. कारण काय दिसायला हवं ते पुस्तकातल्या आकृतीत आधीच छापलेलं असतं. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून फोल्डस्कोपचा वर्गासाठीचा संच घेऊन दिला, त्यानंतर ही रांग बंद झाली.

वस्तू काय आहे ते थोडक्यात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी ती तयार केली आणि 2014 मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. प्रकाश आपल्याकडचेच, आयआयटी कानपूरला शिकलेले. छापलेल्या जाड कागदातून तुकडे सुटे करायचे, घड्या घालून एकमेकांत अडकवायचे आणि मध्ये बारीक मण्याएवढं एकच भिंग बसवायचं. झाला सूक्ष्मदर्शक. वस्तू सुमारे 140 पट मोठी दिसते आणि दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत बसावा, असा हिशेब मुळात धरला होता. आपल्या हातात पडेपर्यंत स्लाइड, चिकट पट्ट्या, फोनला लावायचं चुंबक, वाहतूक हे सगळं धरून किंमत बरीच वाढते. तरीही एका बऱ्या शालेय सूक्ष्मदर्शकाच्या पैशांत गटागटाला पुरतील इतके येतात, आणि माझ्या लेखी सगळा फरक तिथेच पडतो.

जुळवणीला एक अख्खी तासिका धरा. सूचना चित्रांच्या आहेत आणि तुकड्यांवर रंगाच्या खुणा आहेत. माझा सल्ला असा की तुम्ही जुळवून देऊ नका. मुलं चित्रं बघून घड्या घालतात, चुकतात, उलगडतात, शेजारच्या गटाचं बघतात. ज्याने भिंग स्वतः बसवलं, त्याला पुढे अंधुक दिसलं तर तो ‘बाई, दिसत नाही’ म्हणून थांबत नाही. भिंग नीट बसलंय का, उजेड येतोय का, स्लाइड उलटी तर नाही ना, हे तो एकेक करून तपासत जातो. हेही चिकित्सक विचाराचंच काम. 2020 च्या शैक्षणिक धोरणात तो शब्द जागोजागी आला आहे, प्रशिक्षणांत आम्ही तो सारखा ऐकतो, पण वर्गात तो सुरू कसा होतो ते मला पहिल्यांदा इथे दिसलं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. पहिल्याच दिवशी कांद्याचा पापुद्रा लावला. पापुद्रा, पाण्याचा थेंब, वरून पारदर्शक टेप. थोड्या वेळाने जवळजवळ प्रत्येक गटाच्या वहीत गोल गोल आकृत्या आल्या, काठ जाड काळा, आत स्वच्छ पांढरं, आणि शेजारी लिहिलेलं ‘पेशी’. नवीन माणसाला सूक्ष्मदर्शकात सगळ्यात आधी दिसतो तो हवेचा बुडबुडा, आणि तो इतका रेखीव दिसतो की त्यालाच पेशी समजण्याचा मोह होतो. एका गटाने मात्र विटा रचल्यासारख्या लांबट चौकटी काढल्या होत्या. पुस्तकातली आकृती त्यांच्या बाजूने होती, पण मी पुस्तक मिटून ठेवायला सांगितलं होतं.

मी फळ्यावर दोन्ही आकृत्या काढल्या आणि पेशी कुठली ते कशावरून ठरवणार, एवढंच विचारलं. पहिलं उत्तर आलं हात वर करून मोजण्याचं. गोल म्हणणारे जास्त होते. मग एक मुलगी म्हणाली, ‘बाई, आम्ही टेप दाबली तर आमचा गोल सरकला. पेशी सरकंल का?’ दुसरा म्हणाला, सरकेल की, पाण्यात आहे. थोडा वेळ असंच चाललं. मग मागच्या बाकावरून एकाने सुचवलं, ‘कांदा न घालता नुसत्या पाण्याची स्लाइड करून बघू या.’ हा मुलगा एरवी तोंड उघडत नाही. नुसत्या पाण्याच्या स्लाइडमध्ये गोल दिसले, चौकटी दिसल्या नाहीत. वर्गात एकदम गलका झाला. तुलनेसाठी कोरा नमुना ठेवावा लागतो हे मी बीएडला परिभाषेसकट पाठ केलं होतं. इथे ते एका बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आपलं आपण सुचलं, कारण समोर भांडण मिटवायचं होतं आणि बाई निकाल देत नव्हत्या.

हे सगळं मोठ्या सूक्ष्मदर्शकानेही झालं असतं की, असं कुणी म्हणेल. एका यंत्रावर होत नाही. वाद व्हायला दोन जणांनी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे बघितलेलं असावं लागतं. त्याच कारणाने फोनचं चुंबक मी सुरुवातीला काढून ठेवते. फोन लावला की चित्र स्पष्ट येतं, ते वर्गातल्या टीव्हीवरही दाखवता येतं, पण पडद्यावर एकच चित्र आलं की सगळ्यात मोठ्या आवाजाचा मुलगा त्याला नाव देतो आणि बाकीचे मान्य करून टाकतात. आधी प्रत्येकाने आपल्या डोळ्याने बघून पेन्सिलने काढायचं, मग फोन.

वहीत आम्ही पान तीन भागांत आखतो. काय दिसलं, काय वाटतं, कशावरून वाटतं. ‘पेशी दिसली’ हे पहिल्या भागात चालत नाही. तिथे ‘लांबट चौकट, काठ बारीक, आत एक फिकट ठिपका’ असंच लिहायचं. नाव दुसऱ्या भागात. तिसरा भाग रिकामा राहिला तरी चालतो, पण रिकामाच ठेवायचा, ओढूनताणून भरायचा नाही. पहिल्या महिन्यात तिसरा भाग बहुतेकांचा रिकामा असे. आता तिथे जागा पुरत नाही.

या बुडबुड्याच्या भांडणानंतर मी मुलांना लेव्हेनहूकची गोष्ट सांगितली. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा हा कापडाचा व्यापारी. त्याचाही सूक्ष्मदर्शक एकाच बारीक भिंगाचा, अगदी फोल्डस्कोपच्या जातीचा. 1676 मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून पाण्यात हलणारे अतिसूक्ष्म जीव दिसल्याचं कळवलं, तेव्हा तिथल्या विद्वानांचा विश्वास बसेना. त्याने आठ प्रतिष्ठित माणसांना भिंगातून दाखवून त्यांच्या साक्षी पाठवल्या. यावर एका मुलीने विचारलं, ‘आठ जणांनी सांगितलं म्हणून खरं कसं? आपल्या वर्गात तर जास्त जण गोल म्हणत होते.’ मी पुढचं सांगितलं. 1677 मध्ये रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाने लंडनमध्ये स्वतः मिरी पाण्यात भिजवून, स्वतःच्या उपकरणातून तेच जीव पाहिले आणि सोसायटीतल्या इतरांना दाखवले, तेव्हा कुठे ते मान्य झालं. साक्ष आणि पुन्हा करून बघणं यांतला फरक मुलांना यानंतर समजावून सांगावा लागला नाही.

आता हळदीबद्दल, कारण हा प्रयोग आमच्या गावचाच म्हणायला हवा. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी हळद शिजवतात, वाळवतात, पॉलिश करतात. एक मुलगा घरच्या फोनवर आलेला निरोप घेऊन आला: हळदीच्या पाण्यात आयोडीन टाका, निळं-काळं झालं तर पिठाची भेसळ आहे, ओळखा आणि सर्वांना कळवा. दुधाची अशी चाचणी पुस्तकात असते, त्यामुळे मुलांना हे पटलेलं होतं. औषधाच्या दुकानातून जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध आणलं, पाणी घालून पातळ केलं. दुकानातली हळद काळपट झाली. ‘भेसळ!’ एकच ओरडा.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, ‘शुद्ध हळदीला लावून बघितलंय का कुणी?’ दुसऱ्या दिवशी शेतातून उपटलेली ओली हळद आली. कापली, थेंब टाकला, तीही काळी. आता मात्र गोंधळ उडाला. ‘म्हंजे आमच्या हळदीतच भेसळ हाय?’ ‘जमिनीतनं काढलीया, भेसळ कोण करणार?’ इथे मी फक्त एक माहिती दिली, की आयोडीन पिष्टमय पदार्थ दाखवतं, भेसळ दाखवत नाही. बाकीचं त्यांनी जुळवलं. हळद हे जमिनीतलं कंद, बटाट्यासारखं, तेव्हा तिच्या अंगचंच पिष्ट असणार. दुधात ते मुळात नसतं, म्हणून दुधाला ही चाचणी लागू आणि हळदीला नाही. निरोप पाठवणाऱ्याने शुद्ध हळद तपासलीच नव्हती.

मग फोल्डस्कोप बाहेर आला. मक्याचं पीठ, ओल्या हळदीचा रस, घरची हळद पावडर, आणि घरच्याच पावडरीत आम्ही मुद्दाम मक्याचं पीठ मिसळून केलेला नमुना. मक्याच्या पिठात स्वच्छ, सुटे, बारीक दाणे दिसतात. ओल्या हळदीतही सुटे दाणे दिसतात. घरच्या पावडरीत मात्र दाणे नाहीत, पिवळे, फुगलेले, वेडेवाकडे गोळे. असं का, यावर दोन दिवस तर्क लढवले गेले. दळल्यामुळे दाणे फुटले, असं एका गटाचं म्हणणं. मग मकाही दळलेलाच आहे, त्याचे का नाही फुटले, हा दुसऱ्या गटाचा सवाल. शेवटी ज्या मुलीच्या घरी काहिलीत हळद शिजवतात, ती म्हणाली, ‘बाई, आम्ही वाळवायच्या आधी हळद शिजवतो. भात शिजल्यावर फुगतो तसं ते झालं आसंल.’ तिचा तर्क बरोबर होता. शिजवताना पिष्टाचे दाणे पाणी शोषून फुगतात आणि एकमेकांत मिसळतात. वरून मिसळलेलं पीठ मात्र कच्चं असतं, त्यामुळे त्याचे दाणे सुटे राहतात. आमच्या मिसळलेल्या नमुन्यात पिवळ्या गोळ्यांच्या मध्ये स्वच्छ दाणे वेगळे दिसत होते. प्रयोगशाळांतही सूक्ष्मदर्शकाखाली परक्या पिठाचे दाणे याच पद्धतीने ओळखतात. त्या मुलीने नुसतं तेवढ्यावर सोडलं नाही. घरून ओल्या हळदीचा एक तुकडा शिजवून आणला, आणि त्यातही गोळेच दिसतात हे सगळ्यांना दाखवलं.

याच प्रयोगात साधनाची मर्यादाही मुलांना कळली. हळदीतली खरी धोक्याची भेसळ म्हणजे मेटॅनिल यलोसारखे रंग. ते पाण्यात विरघळतात, भिंगातून वेगळे दिसणार नाहीत, त्यांना रासायनिक चाचणीच लागते. म्हणून ‘परकं पीठ दिसलं नाही’ एवढंच लिहायचं, ‘हळद शुद्ध आहे’ असं नाही, हे आम्ही ठरवलं. आठवीतल्या मुलांनी हे वाक्य लिहिताना ज्या काळजीने शब्द निवडले, त्याचा मला फार आनंद झाला.

बाकी प्रयोगांचं थोडक्यात सांगते. जास्वंदीचे परागकण पहिल्या आठवड्यातच करा, काटेरी चेंडूंसारखे दिसतात आणि मुलं हरखून जातात. मीठ आणि साखर यांचे कण ओळखायला लावा, मात्र पाण्याचा थेंब न घालता. पानाच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक नेलपॉलिश लावून वाळल्यावर तो थर टेपने उचलला की पर्णरंध्रं मोजता येतात, आणि प्रत्येक गटाचा आकडा वेगळा का आला यावर चांगली चर्चा होते. डोक्याचा केस पापुद्र्यावर आडवा ठेवून एका पेशीच्या लांबीत किती केस बसतील असं विचारा. केसाची जाडी साधारण 0.05 ते 0.1 मिलिमीटर असते, तेवढ्यावरून मुलं पेशीची लांबी स्वतः काढतात. डबक्यातल्या पाण्यातले जीव क्षणात दृष्टीआड पळतात, तेव्हा थेंबात कापसाचे दोन-चार तंतू घाला, त्यांच्या जाळीत जीव थोडे थबकतात.

आता उणं-दुणं. यंत्र डोळ्याला अगदी चिकटवून धरावं लागतं, त्याची सवय व्हायला वेळ जातो. चष्मा असलेल्या मुलांना तो काढून बघावं लागतं. फोकस कागद ताणून होतो, त्यामुळे हात जरा हलला की चित्र जातं. एकच भिंग असल्याने मधला भाग स्पष्ट आणि कडेचा अंधुक असं दिसतं. एका वेळी एकालाच दिसत असल्यामुळे मूल नेमकं काय बघतंय हे शिक्षकाला कळत नाही, आणि म्हणूनच आकृती काढायला लावणं टाळता येत नाही. जिवाणू बघायच्या अपेक्षेने घेऊ नका. दह्यातले जिवाणू या भिंगाच्या क्षमतेच्या अगदी कडेवर येतात, वर्गातल्या परिस्थितीत ते खात्रीने ओळखणं अवघड आहे. आणि सूर्याकडे यंत्र रोखून बघायचं नाही, ही सूचना रोज द्या. सूर्याच्या विरुद्ध बाजूचं आकाश किंवा ट्यूबलाइट पुरेशी असते.

ऑनलाइन हजार-बाराशे पट मोठं दाखवण्याचा दावा करणारे प्लॅस्टिकचे स्वस्त सूक्ष्मदर्शकही मिळतात. आकड्याला भुलू नका. अंधुक चित्र कितीही मोठं केलं तरी मोठं अंधुकच दिसणार, वेगळा तपशील किती बारीक दिसतो ते विचारा.

सर्वांत मोठी अडचण साधनाची नाहीच, ती वेळेची आहे. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत स्लाइड करणं, बघणं, काढणं आणि वाद घालणं बसत नाही. मुख्याध्यापकांशी बोलून मी आठवड्यातून एकदा दोन तासिका जोडून घेतल्या. पोर्शन मागे पडेल अशी भीती सगळ्यांनाच होती. काही धडे खरोखरच घाईत उरकावे लागले, हे लपवत नाही. पण पेशीचा धडा मला पुन्हा शिकवावा लागला नाही, आणि वाचलेला तो वेळ बाकीच्या धड्यांना मिळाला.

घ्यायचं ठरवलंत तर एका फोल्डस्कोपला दोन किंवा तीन मुलं असा हिशेब धरा. चार झाली की एक नुसतं बघत बसतं. भिंगाला बोट लावायचं नाही, धूळ बसली तर मऊ, स्वच्छ कापडाने हलकेच पुसायचं. पारदर्शक टेप, कापूस, आयोडीन आणि ड्रॉपर हे वेगळं घेऊन ठेवा, फार खर्च येत नाही. आणि शनिवारी मुलांना तो घरी न्यायला द्या. आमच्याकडे त्याची नोंदवही एक विद्यार्थिनीच ठेवते. सोमवारी मुलं परत येताना वहीत काहीतरी काढून आणतात, बहुतेक वेळा ते काय आहे हे मलाही ओळखता येत नाही, आणि त्या तासाची सुरुवात आम्ही त्याच पानाने करतो.